कुंपणातली चौदा मोरपंखी: तपकिरी रंग कुठून आला?

पुण्याच्या पूर्वेला, काळ्या मातीच्या पट्ट्यातला एक बंगला. उत्तरेच्या कुंपणभिंतीला धरून १४ मोरपंखी एका ओळीत लावलेल्या, दोन झाडांत ७५ सेंटीमीटर अंतर. जूनमध्ये लावल्या तेव्हा अडीच फुटांच्या होत्या आणि पहिला पावसाळा झकास गेला. दुसऱ्या पावसाळ्यानंतर काही झाडांची चमक उतरली आणि मार्च उजाडला तेव्हा दोन पूर्ण वाळलेली, तीन निस्तेज, सहा कुठे ना कुठे तपकिरी किंवा ठिपकेदार आणि तीनच ठणठणीत, अशी स्थिती होती.

तोवर घरच्यांनी हाताशी होतं ते सगळं केलं होतं. बुरशीनाशकाच्या तीन फवारण्या झाल्या, कीड असेल म्हणून इमिडाक्लोप्रिड या कीटकनाशकाचीही एक झाली. झाड सुकतंय म्हणून पाणी रोज सुरू केलं आणि ताकद यावी म्हणून प्रत्येक आळ्यात मूठभर युरिया पडला. मे महिन्यात माळ्याने मोठ्या कात्रीने ओळ सपाट कापून दिली होती. यातली जवळजवळ प्रत्येक गोष्ट झाडाच्या विरोधात गेली. ते कसं, हे समजायला आधी हे झाड काय आहे ते नीट पाहायला हवं.

झाडाची जात आणि चुकीचा सल्ला

आपल्याकडे मोरपंखी म्हणतात ते झाड नर्सरीत थुजा या नावाने विकलं जातं. लिनियसने १७५३ मध्ये त्याला थुजा ओरिएंटॅलिस म्हटलं, १९४९ मध्ये ते प्लॅटिक्लॅडस या स्वतंत्र प्रजातीत गेलं. दुकानात जुनंच नाव चिकटून राहिलं आणि घोटाळा तिथेच होतो. इंटरनेटवर ‘थुजा’ शोधलं की बहुतेक माहिती अमेरिकेतल्या थुजा ऑक्सिडेंटॅलिसची निघते. त्या झाडाला थंड हवा आणि कायम ओलसर जमीन मानवते, म्हणून ‘मुळांशी ओलावा सुटू देऊ नका’ असा सल्ला सगळीकडे सापडतो. आपली मोरपंखी मूळची उत्तर चीन आणि कोरियाकडची. ती चुनखडीची जमीन सोसते, बोअरचं जड पाणी सोसते, रुजल्यावर पाण्याचा ताणही सोसते. मुळांशी साचलेलं पाणी मात्र तिला सोसत नाही.

दोन्ही झाडं ओळखणं सोपं आहे. मोरपंखीची चपटी पाती उभ्या पानांसारखी, पुस्तकाची पानं उघडून ठेवावीत तशी लागतात. ऑक्सिडेंटॅलिसची पाती आडवी पसरते आणि चुरगळली की उग्र वास येतो, मोरपंखीला तो जवळजवळ नसतो. शिवाय मोरपंखीच्या कोवळ्या फळांवर निळसर पांढरी साय असते आणि प्रत्येक खवल्याला बाकदार शिंग असतं. या बंगल्यातली चौदाही झाडं मोरपंखीच होती, आणि त्यांना पाणी मिळत होतं ऑक्सिडेंटॅलिसच्या हिशेबाने.

दुसरी गोष्ट आपल्यापैकी बहुतेकांनी शाळेत असताना पाहिलेली आहे. ‘विद्या’ म्हणून मोरपंखीची पाती वहीत ठेवायची. ती झाडापासून तुटलेली असते, तरी कितीतरी दिवस हिरवी दिसते. झाडावरही हेच घडतं. मुळं कामातून गेल्यावरही पाला काही आठवडे हिरवा राहतो. म्हणजे मार्चमध्ये दिसणारा तपकिरी रंग ही बरीच जुनी बातमी असते. ती आजची समजून आज पाणी वाढवलं, तर कुजणाऱ्या मुळांवर आणखी पाणी पडतं.

ओळीचा नकाशा

फवारणीचा पंप बाजूला ठेवून आधी एका कागदावर फाटकापासून १ ते १४ क्रमांक टाकले आणि प्रत्येक झाडात तपकिरी रंग नेमका कुठे आहे ते लिहिलं: आतून, खालून, एका बाजूने की सगळीकडे. चालत चालत पाहिलं तर ‘ओळ रोगट आहे’ एवढंच वाटतं. लिहून काढल्यावर एका ओळीत चार वेगवेगळ्या गोष्टी दिसल्या.

क्रमांक १, २ आणि ३ फाटकाच्या जाळीजवळ होती. त्यांचा तपकिरी रंग फक्त फाटकाच्या बाजूला आणि जमिनीपासून साधारण ४० सेंटीमीटर उंचीपर्यंतच होता. वर झाड हिरवंगार. ४, ५ आणि ६ उत्तम, ५ च्या माथ्यावरचा कापणीचा खळगा सोडला तर. ७ ते ११ ही खालच्या टप्प्यातली झाडं. त्यातली ९ आणि १० मेलेली, तर ७, ८, ११ एकसारखी फिकट, राखाडी हिरव्या रंगाची. १२, १३, १४ पश्चिमेच्या टोकाला, घराच्या अरुंद बोळाशी. तिथे डाग नव्हते, पण हिरव्यावर पिवळट रवा सांडल्यासारखे बारीक ठिपके होते आणि १४ व्या झाडाला एका बाजूला ताटाएवढा करपलेला भाग.

शिवाय सगळ्याच झाडांच्या पोटात, खोडाजवळ, जुनी पाती तपकिरी होऊन झडत होती. हे नैसर्गिक आहे. सदाहरित झाडही जुना पाला टाकतं, फक्त एकदम टाकत नाही. बाहेरचा पाला दाट झाला की आत ऊन पोचत नाही आणि आतली पाती गळते. उन्हाळ्याच्या तोंडाशी हात घालून फांद्या हलक्या झटकाव्यात, वाळकं खाली पाडून उचलावं. यावर औषध नको. घरच्यांची पहिली बुरशीनाशक फवारणी झाली ती नेमकी हे पाहूनच.

फाटकाजवळच्या तीन झाडांचं उत्तर सकाळी सहाला उभं राहिलं की मिळतं. जाळीतून कुत्री टांग वर करतात. मूत्रातले क्षार आणि युरिया पाती जाळतात, म्हणून डाग ठरावीक उंचीचा आणि एकाच बाजूला. जाळीच्या आत ४५ सेंटीमीटर उंचीचा पत्रा लावला आणि महिनाभर रोज तो भाग पाण्याने धुतला. करपलेली पाती परत हिरवी होत नाही, पण पुढचं करपणं थांबलं.

नवव्या झाडाच्या खाली

खरं प्रकरण ७ ते ११ चं. नववं झाड मेलंच होतं, म्हणून ते पूर्ण खणून काढलं. मेलेलं झाड उपटून फेकून त्याच खड्ड्यात नवीन लावतात, तिथे सगळा पुरावा जातो. खुरपीने माती बाजूला करत गेलं की खड्डाच बोलतो.

पहिल्यांदा सापडला तो बुडखा, म्हणजे खोड आणि मुळं मिळतात ती जागा. ती जमिनीच्या १२ सेंटीमीटर खाली होती. रोप मुळातच खोल बसवलेलं, त्यात दर वेळी आळं करताना माती खोडाकडे ओढलेली. बुडख्याची साल नखाने खरवडली तर खाली हिरवट पांढऱ्याऐवजी लालसर तपकिरी रंग.

मग हुंडी, म्हणजे मुळांभोवतीचा मातीचा गोळा. हिच्या मातीचा रंगच वेगळा. नर्सरीतून आलेली लाल चिकट माती तशीच गोळा होऊन राहिली होती आणि मुळं पिशवीच्या आकारात गोल फिरलेली. पिशवी काढली होती, पण ही वेटोळी कुणी सोडवली नव्हती. दोन वर्षांत बाहेरच्या काळ्या मातीत एखाददुसरं मूळच शिरलं होतं. पेन्सिलीहून बारीक मुळं दोन बोटांत धरून ओढली की वरची साल मोज्यासारखी निघून येई आणि आतला दोरा हातात राही. मुळकुजीची ही सगळ्यात सोपी खूण आहे, तिला प्रयोगशाळा लागत नाही. वास आंबूस, नाल्याच्या चिखलासारखा.

शेवटी खड्डा. दोन फूट लांब, रुंद आणि खोल, वाळू व शेणखताने भरलेला. लावताना हा ‘चांगला खड्डा’ वाटतो. हलक्या जमिनीत तो चांगलाच. पण काळ्या चिकण मातीत कुदळीने गुळगुळीत झालेल्या भिंतींचा खड्डा म्हणजे न गळणारी टाकी. आजूबाजूचं पाणी पोकळ वाळूत उतरतं आणि तिथेच उभं राहतं. त्यात शेणखत कुजत राहिलं की उरलेली हवाही संपते. मुळांना श्वास मिळत नाही आणि मुळकुज करणाऱ्या फायटोफ्थोरासारख्या रोगजंतूला हवं ते सगळं मिळतं. उन्हाळ्यात हीच काळी माती भेगाळते आणि राहिलीसाहिली मुळं तोडते.

शंका पक्की करायला निचऱ्याची चाचणी घेतली. मेलेल्या झाडापासून एक मीटरवर ३० सेंटीमीटर खोल खड्डा खणला, पाण्याने भरून पूर्ण जिरू दिला, पुन्हा भरला आणि आत पट्टी उभी केली. तासाला किमान अडीच सेंटीमीटर पाणी उतरावं. इथे ते एक सेंटीमीटरच उतरलं. चार ते सहा क्रमांकांजवळ हीच चाचणी केली तर तासाला सात सेंटीमीटर उतरलं. कारण साधं होतं: बांधकामाच्या वेळी फाटकाजवळ मुरूम पडला होता आणि तो तिथेच राहिला होता. ओळीतली तीन झाडं कुणाच्या खतामुळे नव्हे, गवंड्यांनी न उचललेल्या मुरुमामुळे छान वाढली होती.

आता पाणी कुठून येत होतं? हिरवळीचे फवारे रोज १५ मिनिटं, त्यावर माळ्याची नळी. पण मोठा स्रोत वेगळाच निघाला. गच्चीच्या पावसाळी पाइपांपैकी एक हिरवळीवर मोकळा सोडलेला होता आणि हिरवळीचा उतार ७ ते ११ कडे. १०० चौरस मीटर गच्चीवर ५० मिलिमीटर पाऊस पडला तर ५,००० लिटर पाणी होतं. त्याचा अर्धा भाग जरी या पाइपाने आला, तरी एका रात्रीत अडीच हजार लिटर या पाच झाडांच्या दिशेने वाहत होतं, आणि खाली पाच टाक्या तयारच होत्या.

दुरुस्ती, ज्या क्रमाने केली त्या क्रमाने

सगळ्यात आधी गच्चीचा पाइप. तो फाटकाबाहेरच्या पावसाळी गटाराला जोडला. एवढं एकच काम केलं असतं तरी निम्मी अडचण सुटली असती. बाकी सगळं करून हे टाळलं असतं, तर काहीच सुटलं नसतं.

मग हिरवळीच्या बाजूने, झाडांपासून ६० सेंटीमीटर सोडून चर. रुंदी ३० आणि खोली ४५ सेंटीमीटर, तळाला मीटरमागे एक सेंटीमीटर उतार, एकूण लांबी आठ मीटर. तळाशी ५ सेंटीमीटर खडी, तिच्यावर ११० मिलिमीटरचा भोकं पाडलेला पीव्हीसी पाइप, भोकं खालच्या अंगाला, आणि भोवती पुन्हा २० मिलिमीटर खडी. सगळ्यावर जिओटेक्स्टाइलचं कापड. ते नसेल तर काळी माती दोन पावसाळ्यांत खडी बुजवून टाकते. चर शोषखड्ड्यात सोडला, घराच्या पायापासून तीन मीटर दूर. काळ्या मातीत शोषखड्डा मुरुमापर्यंत पोचला तरच पाणी शोषतो. इथे मुरूम १.१ मीटरवर लागला, म्हणून खड्डा दीड मीटर नेला. मुरूम लागलाच नसता तर शोषखड्डा करण्यात अर्थ नव्हता, चर थेट गटारालाच न्यावा लागला असता.

निस्तेज तीन झाडं, ७, ८ आणि ११, मार्चच्या उन्हात उपटायची नाहीत असं ठरलं. बुडखा हाताने उघडा केला, वरची १२ सेंटीमीटर माती काढली, पाणी पूर्ण बंद. खुरपीने १० सेंटीमीटर खाली माती कोरडी लागायला नऊ दिवस गेले. त्यानंतर मेटालॅक्झिल ८ टक्के आणि मॅन्कोझेब ६४ टक्के मिश्रणाची २ ग्रॅम प्रति लिटर आळवणी, म्हणजे ते पाणी मुळांशी ओतणं, झाडाला ४ लिटर, तीन आठवड्यांनी पुन्हा एकदा. हे औषध रोगाला थोपवतं, मारत नाही आणि मेलेलं मूळ जिवंत करत नाही. निचरा न सुधारता दिलेली आळवणी हा पैशाचा अपव्यय आहे. पालाभर मारलेल्या फवारण्यांनी तर मुळाशी काहीच पोचलं नव्हतं. युरिया त्या वर्षी पूर्ण बंद ठेवला, कारण मुळं खराब असताना नत्र दिलं की त्याचे क्षार उरलेल्या मुळांना पोळतात.

मेमध्ये ८ क्रमांकाच्या फांद्या ठिसूळ झाल्या, नखाने खरवडल्यावर हिरवं सापडेना. ते काढलं. ७ आणि ११ ने जूनच्या अखेरीस टोकांना पोपटी कोंब काढले.

८, ९, १० च्या जागी खड्डे न करता वरंबा केला: तळाला ९० आणि माथ्याला ६० सेंटीमीटर रुंद, ३० सेंटीमीटर उंच. जुन्या तिन्ही खड्ड्यांतली वाळू-शेणखत काढून तिथे आजूबाजूचीच माती दाबून भरली, नाहीतर वरंब्याखाली टाकी तशीच राहिली असती. वरंब्यासाठी दोन भाग पोयट्याची माती, एक भाग बारीक मुरूम आणि एक भाग पूर्ण कुजलेलं शेणखत. वरंबा दोन्ही टोकांना थोडा पुढे काढून पावणेतीन मीटर झाला आणि २२ घनफूट मिश्रण लागलं, म्हणजे पाव ब्रासपेक्षा कमी. खताला अजून उष्णता किंवा वास असेल तर ते वापरायचं नाही.

नवीन तीन रोपं निवडताना उंचीकडे पाहिलं नाही. दोन फुटांची, तळापासून हिरवी, पिशवीतून बाहेर मूळ न आलेली घेतली. पिशवी उभी कापून काढली, हुंडीच्या चारही बाजूंनी धारदार सुरीने वरपासून खालपर्यंत दोन सेंटीमीटर खोल चीर दिली आणि तळाची वेटोळी कापली. बाहेरची चिकट माती बोटांनी सैल केली, पण हुंडी फोडली नाही. बुडखा वरंब्याच्या माथ्यापेक्षा दोन सेंटीमीटर वरच ठेवला, कारण नवी माती बसते आणि झाडाला खाली घेऊन जाते. वर उसाच्या पाचटाचं ५ सेंटीमीटर आच्छादन, खोडापासून १० सेंटीमीटर मोकळं. पाचट खोडाला टेकलं की साल ओली राहते आणि वाळवीही येते.

पश्चिमेचं टोक

१२ ते १४ मध्ये पातीखाली पांढरा कागद धरून फांदी तीनदा आपटली. पडलेल्या धुळीतले काही कण चालायला लागले. बोट फिरवलं की लालसर रेघ उठते. हे लाल कोळी. एका आपटीत दहाच्या वर दिसले तर उपाय करायचा, इथे त्याहून खूप जास्त होते. कोरडी गरम हवा, पांढऱ्या भिंतीची परावर्तित उष्णता आणि धूळ, ही त्यांची आवडती जागा. इमिडाक्लोप्रिड कोळ्यांवर चालत नाही, उलट त्यांना खाणारे मित्रकीटक कमी होतात आणि कोळी वाढतात. त्या एका फवारणीने इथे नेमकं तेच झालेलं दिसतं.

उपाय स्वस्त आहे. सकाळी नळीच्या जोरदार धारेने पाती आतून आणि खालून धुवायची, दर तिसऱ्या दिवशी, चार वेळा. त्यानंतर कागदावर कोळी दिसले म्हणून पाण्यात मिसळणारं ८० टक्के गंधक २ ग्रॅम प्रति लिटर, सूर्यास्तानंतर फवारलं. पारा ३२ अंशांच्या वर असेल तर गंधकाने पाती करपते, त्यामुळे उन्हाची वेळ टाळली. कडुनिंबाचं तेल आणि गंधक यांत किमान दोन आठवड्यांचं अंतर हवं. दोन्ही जवळजवळ दिले तर झाड भाजतं.

चौदाव्या झाडाचा ताटाएवढा डाग कोळ्यांचा नव्हता. बोळात एसीचं बाहेरचं यंत्र होतं आणि त्याचा गरम झोत थेट त्यावर. यंत्राला झोत वर वळवणारा पत्रा बसवला. जमलं तर झाड आणि यंत्र यांत दीड मीटर अंतर ठेवावं.

कात्री आणि पाणी

मोरपंखीच्या पाला नसलेल्या जुन्या लाकडातून नवीन फूट येत नाही. जास्वंद कापावी तशी ही कापली, तर जे भगदाड पडतं ते कायमचं. मे महिन्यातल्या सपाट कापणीत ५ आणि १२ क्रमांकांच्या माथ्यावर असेच तपकिरी खळगे उरले. ते भरून काढायला शेजारच्या दोन फांद्या सुती कापडाच्या पट्टीने आत ओढून सैल बांधल्या. तार किंवा नायलॉन वापरलं तर वर्षभरात सालीत रुततं. पुढे कापणी पावसाळा संपल्यावर, ऑक्टोबरच्या दुसऱ्या पंधरवड्यात, फक्त हिरव्या भागात, एका वेळी तीन-चार सेंटीमीटर. झाड तळाशी रुंद आणि वर निमुळतं ठेवायचं, नाहीतर वरची सावली खालचा पाला घालवते.

हिरवळीच्या फवाऱ्यांचं तोंड वळवलं आणि ओळीला स्वतंत्र ठिबक दिलं. झाडाला दोन तोट्या, प्रत्येकी ताशी ४ लिटरच्या, खोडापासून ३० सेंटीमीटरवर दोन बाजूंना. सव्वा तासात १० लिटर. पावसाळा संपल्यावर नव्या रोपांना हे चार दिवसांनी, उन्हाळ्यात जुन्या झाडांना आठ-दहा दिवसांनी, हिवाळ्यात बारा-पंधरा दिवसांनी आणि पावसाळ्यात बंद. हे आकडे सुरुवातीपुरते. खुरपी १० सेंटीमीटर खाली खुपसायची, माती लाडवासारखी वळली तर त्या दिवशी पाणी नाही.

खत वर्षातून एकदा, जूनमध्ये: झाडामागे दोन किलो शेणखत आणि १०० ग्रॅम निंबोळी पेंड, तोट्यांच्या खाली पसरून, खोडाशी नाही. जास्त दिलं की वाढ लुसलुशीत आणि फाकलेली होते, मग वळवाच्या पहिल्या पावसात फांद्या उलगडून जमिनीला टेकतात.

पुढच्या फेब्रुवारीत पुन्हा नकाशा केला. नवीन तिन्ही रोपं सुमारे १५ सेंटीमीटर वाढली होती. ७ आणि ११ हिरवी आहेत, पण शेजाऱ्यांपेक्षा फूटभर बुटकी. फाटकाजवळच्या तीन झाडांचा खालचा जळका भाग तसाच आहे, त्याच्यापुढे लिलीचे कंद लावून झाकला. अकराव्या झाडाच्या बुडख्याशी आळ्यातली माती पुन्हा चार सेंटीमीटर चढलेली सापडली, ती त्याच दिवशी हाताने ओढून काढली.